घाटात थांबलेली मोटार

माझे मामा साताऱ्यास वकिली करीत. त्यांच्याजवळ १९६० साली बनलेली करड्या रंगाची एक मोटारगाडी होती. म्हणजे ती गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मामांनी ती जुनीच विकत घेतली होती. परंतु तिची निगा ते अशी राखीत, की रविवारी सकाळी गाडी धुऊन पुसून होईपर्यंत घरात कोणी चहाचे नाव काढीत नसे.

१९७४ च्या उन्हाळ्यात सातवीची परीक्षा देऊन मी सुटीसाठी मामांकडे गेलो. पाहतो तो घरात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय : गाडी उन्हात बंद पडते. साताऱ्यात दिवसभर हिंडवा, तिची तक्रार नाही. पुण्याच्या वाटेला लागली, की खंबाटकीचा घाट चढता चढता ती आचके देऊ लागते, जणू कोणी तिचा श्वास कोंडतो आहे. आणि दोन-तीन वळणांत थांबते.

त्या काळी खंबाटकीला बोगदा नव्हता. साताऱ्याहून पुण्यास जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला घाटाची सगळी वळणे चढावी लागत. वैशाखात तेथला काळा कातळ तापून निघे आणि सावली शोधावी लागे. दुपारच्या वेळी दोन-चार वाहने बॉनेट उघडून कडेला उभी असलेली हटकून दिसत. एप्रिल महिन्यात दोन वेळा मामांची गाडीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. दोन्ही वेळा मामांनी कळशीतील पाण्यात फडके भिजवून ते पेट्रोलच्या पंपावर घातले, अर्धा तास वाट पाहिली, आणि गाडी सुरू झाली. पुढे पुण्यापर्यंत तिने कुरकुर केली नाही. हा उपाय त्यांना एका ट्रकचालकाने सांगितला होता. तो लागू पडला म्हणून मामांचा त्यावर विश्वास बसला. उपाय लागू पडला म्हणजे रोगही कळला, असे समजण्याची आपणां सर्वांनाच सवय असते. मामा वकील असूनही तिच्यातून सुटले नव्हते. तेवढ्यात कोणी म्हणाले कॉइल गरम होते, म्हणून नवी कॉइल बसली. कोणी म्हणाले पंपाचा पडदा सैल झाला, म्हणून तोही बदलला. पैसे गेले आणि रोग राहिला.

आता मात्र प्रश्न पैशांचा नव्हता. आजीला काही महिन्यांपासून चालताना धाप लागे आणि छातीत कळ येई. पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासण्यासाठी मे महिन्यातील एका गुरुवारी दुपारी चारची वेळ दिली होती. एस. टी. च्या गर्दीत तिला नेणे शक्य नव्हते. आणि भर दुपारी घाटात अर्धा तास तापलेल्या गाडीत तिला बसवून ठेवणे तर त्याहून अशक्य. मामांनी मनाशी ठरविले, की आदल्या रात्रीच निघावे. ऊन नाही, तेव्हा इंजिन तापणार नाही. इंजिन तापले नाही, तेव्हा गाडी थांबणार नाही. हा युक्तिवाद घरात सर्वांना पटला. मामी तेवढी म्हणाली, "अहो, रात्री रानात गाडी अडली तर काय करायचं? एकदा मिस्त्रींना विचारून तर पाहा."

मिस्त्री येण्यापूर्वी, मोटारीच्या पोटात पेट्रोल कसे फिरते ते आपण पाहून घेऊ. आजच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, तो बहुधा टाकीतच बसविलेला असतो आणि तेथूनच पेट्रोल जोराने पुढे ढकलतो. जुन्या गाड्यांची घडण निराळी होती. मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशके धावून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. त्या गाडीची मूळची घडण या जुन्या पद्धतीची होती.

अशा गाडीत टाकी मागे आणि इंजिन पुढे असे. टाकीतून निघालेली बोरूएवढ्या जाडीची धातूची नळी गाडीच्या तळाखालून इंजिनापर्यंत येई. तेथे इंजिनाच्या कुशीलाच एक लहानसा पंप जडविलेला असे. त्याच्या आत रबर लावलेल्या कापडाचा एक पडदा असतो. इंजिन फिरू लागले, की हा पडदा खालीवर होतो. तो खाली गेला, की वर पोकळी होऊन पेट्रोल आत येते. तो वर आला, की ते पेट्रोल पुढे लोटले जाते. उलट दिशेने ते परत जाऊ नये म्हणून दोन चिमुकल्या झडपा असतात. पंपातून पेट्रोल कार्बोरेटर नावाच्या भागात जाते. तेथे त्याचे बारीक तुषार होऊन ते हवेत मिसळते. वजनाने पाहिले तर पेट्रोलच्या सुमारे पंधरापट हवा त्यात असते. हे मिश्रण इंजिनाच्या नळकांड्यांत शिरते, प्लगमधून विजेची ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते, आणि त्या जोराने इंजिन फिरते.

तेव्हा इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी एवढी तीन मिळाली पाहिजेत. चालती गाडी अवचित थांबली, तर या तिघांतून कोण नाहीसे झाले, हे आधी पाहावयाचे असते. मामांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी तेवढेच पाहिले नव्हते.

उन्हाचा आणि पेट्रोलचा संबंध मात्र खरा आहे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. पेट्रोल हे पाण्यासारखे एकजिनसी नाही. ते अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. जड अंशांना मात्र २०० अंशांपर्यंत तापावे लागते. घाट चढताना इंजिन अतिशय तापते आणि त्याला चिकटून बसलेला पंपही तापतो. गाडी थांबली, की पंखा आणि आत फिरणारे पाणी दोन्ही थांबतात. त्यामुळे थांबल्यावर काही वेळ बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. अशा वेळी नळीतील पेट्रोलची वाफ होऊन तिचे बुडबुडे पंपात शिरतात. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला असतो. बुडबुडा सापडला, की पडदा वर आला म्हणजे तो आकसतो, खाली गेला म्हणजे फुगतो, आणि जागचा हलत नाही. मोटारवाले याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. आपण बाष्परोध म्हणू. पंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय या रोगावर योग्यच आहे. फडक्यातील पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते, पंप निवतो, आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. आपल्या घरातील माठ याच रीतीने पाणी गार करतो. ट्रकचालकाने सांगितलेला उपाय खुळा नव्हता, हे लक्षात ठेवा.

मिस्त्रींची पत्र्याची शेड पोवई नाक्याकडे होती. त्यांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झालेले. परंतु पुढे तीस वर्षे शिक्षकी करून मला जे शहाणपण आले, त्याचा बराचसा भाग मी त्या माणसापाशी तीन दिवसांत ऐकलेला होता. ते सायकलवरून आले. पाना हातात घेण्याऐवजी ते ओट्यावर बसले आणि विचारू लागले. गाडी कोठे कोठे थांबली? किती वाजता? निघून किती अंतर झाले होते? पेट्रोल केव्हा भरले होते?

मामांना प्रत्येक प्रवासाची नोंद रोजनिशीत करण्याची सवय होती. वकिलांची रोजनिशी त्या दिवशी कोर्टाबाहेर उपयोगी पडली. मामा वाचू लागले. दोन्ही वेळा पुण्यास जाताना साताऱ्यास टाकी काठोकाठ भरली होती आणि दोन्ही वेळा दुपारी घाटात गाडी थांबली होती. येताना एकदा काहीच झाले नव्हते. त्या दिवशी पुण्यास पेट्रोल भरलेले नव्हते. दुसऱ्या खेपेस येताना टाकी भरून निघाले, आणि रात्री नऊच्या सुमारास कापूरहोळपाशी गाडी थांबली.

"रात्री? आणि सपाट रस्त्यावर?" मिस्त्रींनी विचारले.

"इंजिन दिवसभर तापलेलं होतं ना, मिस्त्री," मामा म्हणाले.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी बोटांवर हिशेब केला. साताऱ्याहून खंबाटकीचा घाट सुमारे ४० किलोमीटर. पुण्याहून कापूरहोळही जवळजवळ तेवढेच. ते उठले, गाडीभोवती एक फेरी मारून मागे काही क्षण थांबले, आणि म्हणाले, "वकीलसाहेब, रात्री निघालात तरी गाडी अडेल, असं मला वाटतं. पण वाटण्यावर भरवसा ठेवू नका. उद्या दुपारी टाकी भरून निघू या."

"मग आत्ताच पंप उघडून पाहा ना."

"आत्ता मी चार गोष्टी उघडल्या आणि गाडी बरी झाली, तर ती कशानं बरी झाली हे तुम्हालाही कळणार नाही अन् मलाही."

सोमवारी बाराच्या ठोक्याला आम्ही तिघे निघालो. १९७३ च्या अखेरीस पेट्रोल एकाएकी फार महाग झाले होते. टाकी भरताना मामांच्या कपाळावर आठी दिसली. सुरूर मागे पडले, घाट सुरू झाला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडी आचके देऊ लागली. मामांनी ती कडेला घेतली. मिस्त्रींनी आधी मागच्या चाकाखाली दगड लावला. मी रेडिएटरचे झाकण उघडावयास निघालो होतो. त्यांनी माझा हात मागे ओढला. तापलेल्या रेडिएटरात पाणी दाबाखाली असते आणि झाकण फिरविताच ते उसळून तोंडावर येते. मुलांनो, हे तुम्हीही विसरू नका; ही सगळी कामे जाणत्या माणसांची आहेत.

प्रथम त्यांनी ठिणगी पाहिली. ज्या जाड तारेतून प्लगांना वीज जाते, तिचे टोक काढून कोरड्या लाकडी मुठीच्या पकडीत धरले, आणि इंजिनाच्या लोखंडापासून ज्वारीच्या दोन दाण्यांएवढे दूर ठेवले. पेट्रोलच्या नळीला अद्याप हात लावलेला नव्हता, कारण उघडे पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ कधीही पडू द्यावयाची नसते. मामांनी सेल्फ दाबताच तारेपासून लोखंडापर्यंत निळी, टणटणीत ठिणगी चटचट उडू लागली. कॉइल उष्णतेने दुबळी झाली असती, तर ठिणगी पिवळट आणि मलूल पडली असती. वकिलांच्या भाषेत सांगावयाचे तर कॉइल निर्दोष सुटली. बिचारीला एप्रिलमध्येच शिक्षा होऊन गेली होती, ही गोष्ट वेगळी.

मग त्यांनी पंपाकडे बोट दाखविले. त्या पंपाच्या माथ्यावर काचेची एक लहान वाटी असे. पेट्रोलमधील गाळ तीत साचे. एरवी ती पेट्रोलने भरलेली दिसे. आता तळाशी थोडे पेट्रोल आणि वर नुसता फेस होता. पेट्रोल येत नव्हते एवढे ठरले. मामा लगबगीने कळशी आणण्यास वळले.

"थांबा, वकीलसाहेब. आज फडकं नाही."

मिस्त्री गाडीच्या मागे गेले. आम्ही इतके दिवस पुढच्या बॉनेटपाशी गर्दी करीत होतो. मागे पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण धरले आणि सावकाश थोडेसे फिरविले. 'सूंऽऽ' असा लांबलचक आवाज झाला. पाण्यात बुडी मारून वर आलेला माणूस श्वास घेतो, तसा टाकीने श्वास आत घेतला.

मिस्त्री पुढे आले. पंपाच्या बाजूला हाताने पडदा हालविण्यासाठी एक बारीक दांडी असते. ती त्यांनी आठ-दहा वेळा दाबली. काचेची वाटी तळापासून भरत वर आली. त्यांनी पंपाला बोट लावून चटकन मागे घेतले. पंप तव्यासारखा तापलेला होता. तसाच तापलेला असताना त्यांनी मामांना गाडी सुरू करावयास सांगितले, आणि गाडी सुरू झाली. थांबल्यापासून पुरती दहा मिनिटेही झाली नव्हती.

घाटाच्या माथ्यावर झाडाखाली बसून मिस्त्रींनी आम्हाला उलगडा करून सांगितला. "घरात गोड्या तेलाचा डबा फोडताना मामी किती भोकं पाडतात रे?" त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "दोन." "एक तेलाला. आणि दुसरं?" हे मी शेकडो वेळा पाहिले होते, आणि का म्हणून एकदाही विचारले नव्हते. एकच भोक असले, तर तेल बुडबुडत, अडखळत येते. जेवढे तेल बाहेर पडेल, तेवढी हवा आत गेली पाहिजे. दुसरे भोक हवेचे असते.

पंप पेट्रोल ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो फक्त पोकळी करतो. पेट्रोल त्या पोकळीत ढकलते ती टाकीतील हवा. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो, आणि तो दाबच नळीतून पेट्रोल पुढे लोटतो. विहिरीवर बसविलेला साधा पंप कितीही उत्तम असला, तरी सुमारे १० मीटरांहून अधिक खोलीचे पाणी ओढू शकत नाही, याचेही कारण हेच : हवा त्याहून उंच पाणी ढकलू शकत नाही. इटलीत गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेली नावाच्या विद्वानाने या गोष्टीचा विचार केला, आणि पाण्याऐवजी पारा घेऊन १६४३ साली हवेचा दाब मोजण्याची युक्ती सिद्ध केली. साताऱ्याच्या मिस्त्रींना टॉरिचेली ठाऊक नव्हता. तेलाचा डबा ठाऊक होता.

म्हणून पेट्रोलच्या टाकीला हवा घेण्याची वाट ठेवावी लागते. त्या गाडीत ती वाट झाकणातील एका बारीक छिद्रातून होती. होळीच्या सुमारास पेट्रोल भरताना ते मूळचे झाकण कोठेतरी राहून गेले आणि मामांनी बाजारातून दुसरे आणले. ते अगदी घट्ट बसे, म्हणून मामा त्याच्यावर खूष होते. त्याला छिद्र नव्हते. पेट्रोल जाई, हवा आत येत नसे, आणि टाकीत उरलेली हवा विरळ विरळ होत जाई. टाकी काठोकाठ भरलेली असली, म्हणजे हवेला जागा थोडी. तेव्हा दोन-तीन लिटर पेट्रोल गेले तरी ती हवा दुप्पट जागेत पसरे आणि तिचा दाब फार उतरे. म्हणून भरल्या टाकीने निघाले, की ४० किलोमीटरांवर गाडी थांबे. टाकी थोडी रिकामी असली, की हवा पुष्कळ असे आणि निभावून जाई. गावात गाडी थोडी चाले, पुष्कळ वेळ उभी राही. तेवढ्या वेळात झाकणाच्या रबरी चकतीच्या कडेने हवा हळूहळू आत झिरपे.

"मग उन्हाचं काय? फडक्याचं काय?" मामांनी विचारले. त्यांना आपले फडके इतक्या सहज सोडवेना.

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मला पुढे शाळेत भौतिकशास्त्र शिकताना नीट उमगले. दाब उतरला, की द्रव लवकर उकळतो. महाबळेश्वर उंचावर असल्यामुळे तेथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. टाकीतील व नळीतील दाब उतरल्यावर पेट्रोलचेही तसेच होई. जे पेट्रोल एरवी घाटाचे ऊन सोसून गेले असते, ते आता त्याच उन्हात उकळू लागे. म्हणजे उष्णता आणि कोंडलेली टाकी या दोघांनी मिळून गाडी अडविली होती. रात्री कापूरहोळला ऊन नव्हते, तरी कोंडलेली टाकी एकटीच पुरेशी ठरली. फडके टाकल्याने वाफ निवे हे खरे. पण त्या अर्ध्या तासात रबराच्या कडेने टाकीत हवा शिरे, हे अधिक महत्त्वाचे होते, आणि तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. फडके डोळ्यांपुढे होते, म्हणून श्रेय फडक्याला मिळाले.

येथे गोष्ट संपली असे मला वाटले, आणि मामांनाही. मिस्त्रींना वाटले नाही. मंगळवारी सकाळी त्यांनी पुन्हा टाकी भरावयास लावली. झाकणाखाली एक बारीक तार घालून ते किंचित सैल ठेवले. भर दुपारी आम्ही घाट चढलो, उतरलो आणि माघारी आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. मामा हर्षाने म्हणाले, "झालं तर मग!" तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता तार काढून झाकण घट्ट लावू, टाकी भरू, आणि आणखी एकदा जाऊ."

"आता कशाला? पेट्रोल काय फुकट येतं?"

"आज वारा होता, वकीलसाहेब. कदाचित वाऱ्यानं गाडी चालली असेल. तुम्ही कोर्टात एकाच साक्षीदारावर खटला सोडता का?"

मामा निरुत्तर झाले. त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, घट्ट झाकणाने आम्ही निघालो. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. झाकण फिरविले, टाकीने श्वास घेतला, गाडी चालू लागली. इतक्या आनंदाने बंद पडलेल्या गाडीकडे पाहणारी माणसे मी त्यानंतर पाहिली नाहीत. माझ्या मते त्या साऱ्या खटपटीत ही शेवटची खेप सर्वांत मोलाची होती, आणि आम्ही दोघे मिळून तीच टाळण्याच्या बेतात होतो.

बुधवारी मिस्त्रींनी ते झाकण शेडमध्ये नेले, धुऊन पुरते वाळविले, आणि त्याच्या आतल्या चकतीला टाचणी जाईल एवढे छिद्र पाडले. बाहेरच्या कडेखाली ते असे लपविले, की धूळ किंवा पावसाचे पाणी आत जाऊ नये. मजुरी म्हणून त्यांनी दोन रुपये घेतले. मामा अधिक देऊ लागले, तेव्हा ते म्हणाले, "भोकाचे दोन रुपये झाले, विचाराचे मी घेत नाही." ती गाडी आता माझ्या मामेभावाकडे आहे. तिच्या नळ्यांचे आणि पंपाचे रबर त्याने नव्या प्रकारचे बसविले आहे, कारण आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या काळचे रबर त्यात टिकत नाही. झाकण मात्र तेच आहे.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही निघालो. रात्रीच्या प्रवासाचा बेत केव्हाच मागे पडला होता. टाकी काठोकाठ भरली होती. आजी मागच्या आसनावर उशीला टेकून बसली, तिच्याशेजारी मामी, पुढे मामा आणि मी. मामीने जुन्या सवयीने पाण्याची कळशी आणि फडके पायाशी ठेवले होते. सुरूर गेले. मी किलोमीटरचे दगड मोजीत होतो. मामा काही बोलत नव्हते. ३८. ३९. घाट सुरू झाला. परवाचे वळण आले, चाकाखाली लावलेला दगड अजून कडेला तसाच पडला होता. बाहेरचे ऊन डोळ्यांना सोसत नव्हते. एक मोठी ट्रक बॉनेट उघडून उभी होती, तिला वळसा घालताना मामांनी गाडी फार हळू केली, आणि माझा श्वास जागच्या जागी राहिला. इंजिनाचा आवाज मात्र एकसारखा चालू होता.

माथा आला. उताराला लागताच समोरून वारा आत शिरला. मामांनी एक हात चाकावरून काढून धोतराच्या सोग्याने घाम पुसला.

मागून आजीचा आवाज आला, "अरे, ते फडकं कुणाला लागणार आहे का?"

"नाही, आई," मामा म्हणाले.

"मग इकडं द्या." तिने ते कळशीत बुडवून पिळले, घडी करून कपाळावर ठेवले, आणि डोळे मिटून घेतले.